पुरुष सांघिक इपी: नऊ लढती, 45 गुण आणि एकच गुणफलक

2 ऑगस्ट 2024 ला पॅरिसच्या ग्राँ पालेमध्ये ऑलिंपिक तलवारबाजीतल्या पुरुष सांघिक इपीची (इपी हे तलवारबाजीच्या तीन हत्यारांपैकी एक) फायनल 26-25 अशी संपली. 45 गुणांपर्यंत जाऊ शकणारा सामना 25-25 वर अडला, जादा मिनिट द्यावे लागले आणि हंगेरीच्या गेर्गेय शिक्लोशीने जपानच्या कोकी कानोवर एक टच (गुण देणारा तलवारीचा स्पर्श) मारून सुवर्ण नेले. त्याआधीच्या टोकियो ऑलिंपिकमध्ये याच जपानने याच प्रकाराची फायनल 45-36 अशी जिंकली होती. दोन्ही फायनल्सचे नियम, पिस्ट (लढतीची लांब पट्टी) आणि वेळ सारखीच होती. फरक होता तो संघांनी घड्याळ आणि गुणफलक कसा वापरला यात.

वैयक्तिक लढतीत चांगले खेळणारे तीन जण एकत्र आणले की संघ तयार झाला, असे समजून बरेच प्रशिक्षक सांघिक सामन्याला जातात आणि तिथेच फसतात. सांघिक तलवारबाजी ही रिले आहे. आधीच्या खेळाडूने ठेवलेला गुणफलक पुढच्याला जसाच्या तसा मिळतो, आणि त्या आकड्यावरून त्याने कसे खेळायचे हे ठरते. हा लेख इपीभोवती लिहिला आहे. फॉइल आणि सेबर या इतर दोन हत्यारांत जिथे वेगळे आहे तिथे तसे सांगितले आहे.

सामना कसा चालतो

संघात तीन खेळाडू आणि एक राखीव. प्रत्येक खेळाडू समोरच्या तिघांशी एकेकदा खेळतो, म्हणजे एकूण नऊ लढती. प्रत्येक लढतीला 3 मिनिटे. पहिली लढत कुठल्याही एका संघाचे 5 गुण होईपर्यंत किंवा वेळ संपेपर्यंत, दुसरी 10 पर्यंत, तिसरी 15 पर्यंत, अशी शेवटची 45 पर्यंत. आधी 45 ला पोहोचेल तो जिंकला. नववी लढत संपताना कोणीच तिथवर गेले नसेल तर ज्याचे गुण जास्त तो जिंकला. बरोबरी असेल तर शेवटचे दोघे जादा एक मिनिट खेळतात. त्याआधी चिठ्ठीने एकाला प्राधान्य मिळते. त्या मिनिटात पहिला टच मारणारा जिंकतो, आणि टचच लागला नाही तर प्राधान्य असलेला.

नवख्या खेळाडूंना एक गोष्ट कागदावर मांडून दाखवावीच लागते. लढत पाच गुणांची नसते, ती ठरलेल्या आकड्यापर्यंत असते. समजा तिसरी लढत 15-9 वर संपली. चौथ्या लढतीत पुढच्या संघाला 20 पर्यंत जायला फक्त पाच गुण हवेत, पण मागच्या संघाच्या खेळाडूला तब्बल 11 गुण घ्यायची जागा आहे. त्याने 11 घेतले आणि समोरच्याला चारच दिले तर गुणफलक 19-20 होतो, आणि सहा गुणांची आघाडी एका लढतीत उलटते. म्हणून आघाडी मिळाली की हात सैल सोडायचा, ही सवय संघात कोणालाच परवडत नाही.

क्रम लिहिताना

एका संघाला 1, 2, 3 हे क्रमांक मिळतात, दुसऱ्याला 4, 5, 6. कुठल्या संघाला कोणते, हे चिठ्ठीने ठरते. मग कर्णधार आपल्या तिघांना क्रमांक देतो, आणि तेव्हा समोरच्याने काय लिहिले आहे ते त्याला माहीत नसते. लढतींचा क्रम पक्का आहे: 3-6, 1-5, 2-4, 1-6, 3-4, 2-5, 1-4, 2-6, 3-5. हा क्रम कार्डावर लिहून बाकाला चिकटवा. क्रमात बदल झाला, मग तो चुकून का असेना, तर ज्या संघाने बदल केला तो सामना गमावतो.

आता या आकड्यांकडे नीट बघा. क्रमांक 3 खेळतो पहिली, पाचवी आणि नववी लढत. तो सुरुवातही करतो आणि शेवटही. क्रमांक 5 खेळतो दुसरी, सहावी आणि नववी. म्हणजे शेवटचा खेळाडू, ज्याला सगळे अँकर म्हणतात, तो तुमच्या बाजूनुसार 3 किंवा 5 या जागी येतो. चिठ्ठी निघण्याआधीच दोन्ही बाजूंचे दोन क्रम तयार ठेवा. चिठ्ठीनंतर टेबलाशी उभे राहून विचार करायला लागले की चूक होते.

प्रत्येक जागेची विश्रांतीही वेगळी आहे. क्रमांक 4 तिसरी, पाचवी आणि सातवी लढत खेळतो, म्हणजे दर वेळी मध्ये एकच लढत. त्याचे शरीर गार पडत नाही, पण पाय भरून येतात. तिथे दमाचा, तरणा खेळाडू हवा. क्रमांक 3 ला दोन लढतींच्या मध्ये तीन लढतींची वाट बघावी लागते. इपीत वेळ खाल्ला जातो, त्यामुळे ती वाट सहज दहा मिनिटांवर जाते. त्याने बाकावर बसून राहिले तर पाचव्या लढतीत तो गारठलेला उतरतो. आपल्या लढतीच्या आधीची लढत सुरू झाली की त्याने उठून फुटवर्क सुरू करायचे, हे आधीच ठरवून ठेवा. क्रमांक 1 ची दुसरी आणि चौथी लढत जवळजवळ आहे, मग सातवीपर्यंत मोकळा. क्रमांक 2 चे उलट आहे. त्याची सहावी आणि आठवी जवळजवळ येतात, नेमकी सामना तापलेला असताना.

सर्वांत चांगला खेळाडू अँकर करायचा का? बहुतेक वेळा हो, पण एक अट आहे. शेवटच्या लढतीत पिछाडीवरून गुण आणण्याची आणि आघाडी असताना सांभाळून खेळण्याची, अशी दोन्ही कामे त्याला जमायला हवीत. वैयक्तिक स्पर्धेत भन्नाट खेळणारा पण आघाडी असतानाही धावून जाणारा खेळाडू मधल्या जागी जास्त उपयोगी पडतो. पिछाडी भरून काढायला त्याला सोडा.

सराव कसा बांधायचा

रोजच्या 5 आणि 15 गुणांच्या लढतींनी सांघिक सामन्याची तयारी होत नाही. सराव गुणफलकासकट करा. पाटीवर 22-25 लिहा, घड्याळ 3 मिनिटांवर लावा, लक्ष्य 30. मागे असलेल्याला सांगा की त्याला बरोबरी करून यायचे आहे, पुढे असलेल्याला सांगा की तीनचा फरक तसाच परत आणायचा आहे. दोघांनी जागा बदलून पुन्हा खेळा. आठवड्यातून दोन वेळा अशा सहा-सात लढती केल्या की खेळाडू पिस्टवर चढताना आधी आकडा वाचायला लागतो.

इपीत डबल टचचे गणित पाठ हवे. दोन्ही टच साधारण 1/25 सेकंदाच्या आत लागले तर दोघांनाही गुण मिळतो. आघाडीवर असलेल्यासाठी डबल म्हणजे फायदाच. 40-36 वर पाच डबल झाले की सामना 45-41 ने संपला. मागे असलेल्याला मात्र डबल नकोच, त्याला फक्त आपलाच दिवा लावावा लागतो (टच लागला की यंत्रावर त्या खेळाडूचा दिवा लागतो). म्हणून आघाडी असताना हात लांब ठेवून, मनगटावर आणि पुढच्या हातावर टोक धरून समोरच्याला डबलमध्ये ओढायचे, हा सराव स्वतंत्र घ्या. मागे असताना समोरच्याच्या ब्लेडवर पकड घेऊन, ते बाजूला ठेवूनच आत शिरण्याचा सराव घ्या. 44-44 वर किंवा जादा मिनिटात डबल मोजला जात नाही, हे खेळाडूला सामन्याआधी माहीत असलेच पाहिजे.

फॉइल आणि सेबरमध्ये हे गणित चालत नाही, कारण तिथे दोन्ही दिवे लागले तरी हल्ल्याचा हक्क कोणाचा हे रेफरी ठरवतो आणि फार तर एकालाच गुण मिळतो. तिथे आघाडी सांभाळण्याचा सराव अंतर आणि पॅरी-रिपोस्टवर (वार अडवून लगेच उलट वार) घ्यावा लागतो.

निष्क्रियतेचा नियमही सरावात आणा. एक मिनिट टच लागला नाही तर रेफरी पी-कार्ड (निष्क्रियतेचे कार्ड) काढतो. आधी पिवळे, मग लाल, आणि पुढे काळ्या कार्डापर्यंत प्रकरण जाऊ शकते. संथ इपी खेळणाऱ्या संघाने घड्याळ किती चालले हे बाकावरून ओरडून सांगणारा माणूस ठरवून ठेवावा. पन्नासाव्या सेकंदाला हा आवाज ऐकू आला की खेळाडूने काय करायचे, तेही आधी बोलून घ्या.

हत्यारे: इथे सामने हरतात

एका खेळाडूकडे किमान चार इपी आणि तीन बॉडी वायर (जॅकेटमधून जाऊन हत्यार गुणयंत्राला जोडणाऱ्या वायरी) असाव्यात. नियमाप्रमाणे पिस्टवर दोन चालू हत्यारे आणि दोन वायर घेऊन यावेच लागते, नाहीतर पिवळे कार्ड. पण दोनावर भागवणारा संघ दुसरे हत्यार बंद पडल्यावर इकडे तिकडे उसने मागत फिरतो, आणि तेवढ्यात खेळाडूची लय जाते.

लढतीआधी रेफरी इपीचे टोक तपासतो. हेच तुम्ही आदल्या रात्री, सकाळी आणि प्रत्येक सामन्याआधी करा. इपी उभी धरा, टोक वर. टोकावर 750 ग्रॅमचे वजन ठेवून दाबा, दिवा लागला पाहिजे. हात सोडल्यावर स्प्रिंगने वजन वर उचलले पाहिजे. मग 1.5 मिमीची पट्टी टोक आणि त्याच्या खोळीच्या मध्ये सरकवा, ती आत गेली पाहिजे. शेवटी 0.5 मिमीची पट्टी घालून टोक दाबा, दिवा लागता कामा नये.

कुठे अडते ते ओळखायला शिका. वजन उचलले गेले नाही, तर मोठी स्प्रिंग थकली आहे किंवा खोळीत माती-घाम साचला आहे. टोक काढून सुक्या कपड्याने पुसा. तरी जमले नाही तर स्प्रिंग बदला. स्प्रिंग ओढून लांब केली की तासभर चालते आणि पुन्हा बसते, म्हणून तो उपाय फक्त अडीअडचणीला. 0.5 च्या पट्टीवर दिवा लागला, तर आतली छोटी संपर्क स्प्रिंग जास्त बाहेर आली आहे, ती अर्धा-एक फेरा आत फिरवा. 1.5 ची पट्टी जात नसेल तर टोकाचा प्रवासच कमी आहे, टोक किंवा स्प्रिंग चुकीच्या मापाची बसवली असावी. टोकाच्या बाजूचे दोन बारीक स्क्रू प्रत्येक सामन्यानंतर बघा. त्यातला एक पडला तर हत्यार बाद, आणि ते स्क्रू इतके बारीक की जमिनीवर पडल्यावर सापडत नाहीत. पाच-दहा जादा स्क्रू छोट्या डबीत ठेवा.

इपीत टच लागल्यावर विजेचे वर्तुळ (सर्किट) पूर्ण होते आणि दिवा लागतो. म्हणून वायर तुटली तर दिवा लागतच नाही, आणि दोन वायरींचे आवरण घासून त्या एकमेकींना टेकल्या तर दिवा आपोआप लागतो किंवा लागून राहतो. फॉइलमध्ये नेमके उलट आहे. तिथे टच लागल्यावर वर्तुळ तुटते, त्यामुळे फॉइलची वायर तुटली की पांढरा दिवा (वैध नसलेल्या टचचा) लागून राहतो. हे एवढे लक्षात ठेवले की दोष कुठे शोधायचा ते लगेच कळते.

समोरच्याचे टोक तुमच्या गार्डवर (मुठीपुढच्या धातूच्या वाटीवर) आपटल्यावर त्याचा दिवा लागत असेल, तर तुमच्या गार्डचे अर्थिंग तुटले आहे. गार्डवर घामाचा हिरवट थर बसला की हे होते. बारीक सँडपेपरने घासा, सॉकेटचा नट घट्ट करा. बॉडी वायर मल्टिमीटरवर तपासा, प्रत्येक तारेचा रोध 1 ओहमच्या आत हवा. तपासताना वायर प्लगजवळ वाकवून, हलवून बघा. बहुतेक वायर प्लगच्या तोंडाशीच तुटतात आणि सरळ धरल्या तर तपासणीत पास होतात.

स्पर्धेच्या वेपन चेकमध्ये मास्कच्या जाळीवर 12 किलो दाबाचा पंच मारून बघतात. ज्या मास्कच्या जाळीला आधीच खळगा आहे तो नेऊच नका. आंतरराष्ट्रीय स्पर्धांसाठी जॅकेट, पँट आणि आतला प्लास्ट्रॉन (जॅकेटखालचे संरक्षक अर्धे जॅकेट) 800 न्यूटनचे, मास्कचा बिब (गळा झाकणारा भाग) 1600 न्यूटनचा हवा. जॅकेटच्या पाठीवर आडनाव आणि देशाचा कोड हवा, आणि सांघिक स्पर्धेत सगळ्यांचे मोजेसुद्धा एकसारखे लागतात. मोज्यांची गोष्ट किरकोळ वाटते, म्हणूनच ती राहून जाते. फॉइल आणि सेबरच्या संघांनी लामे जॅकेट (वैध टच नोंदवणारे धातूच्या तारांचे जॅकेट) वेगळे तपासावे. घामाने काखेत आणि पाठीवर धातूची तार खराब होते, आणि तिथे टच लागूनही सेबरमध्ये दिवाच लागत नाही, फॉइलमध्ये पांढरा लागतो.

सामन्याच्या दिवशी

संघ पूर्ण नसेल तर सामना सुरूच होत नाही, आणि मध्येच कोणी जखमी होऊन राखीवही उरला नाही तर संघ हरतो. दुखापतीवर उपचारासाठी जास्तीत जास्त 5 मिनिटे मिळतात. घोटा मुरगळला तर कोण काय करणार, बर्फ आणि टेप कुठे आहे, हे तेव्हा शोधत बसू नका.

संघाची जागा आखलेली असते. खेळाडूंनी तिथेच राहायचे. आनंदात पिस्टच्या कडेपर्यंत धावत गेलेल्या खेळाडूमुळे पिवळे कार्ड मिळते आणि ते सामनाभर संपूर्ण संघावर राहते. पुढच्या वेळी थेट लाल, म्हणजे समोरच्याला एक गुण.

बाकावर तीन कामे वाटून द्या. एक जण हत्यारे बघतो, एक जण घड्याळ आणि गुण सांगतो, आणि फक्त एकच जण पिस्टवरच्या खेळाडूला सूचना देतो. तिघेही ओरडायला लागले की खेळाडूला काहीच ऐकू येत नाही. सूचना दोन शब्दांची असावी: "हातावर थांब", "डबल चालेल". पुढे काय करायचे तेवढे सांगा. आधीच्या टचला काय चुकले, त्याचे पारायण बाकावर नको.

टच लागला असूनही दिवा लागला नाही, अशी शंका आली तर खेळाडूने तिथेच थांबायचे, हात वर करायचा आणि रेफरीला सांगायचे. स्वतःची वायर काढायची नाही, टोकाला हात लावायचा नाही. परवानगीशिवाय प्लग काढला की तपासणीचा हक्क जातो, आणि समोरच्याचा टच रद्द होण्याची शक्यताही त्याबरोबर जाते.

राखीव खेळाडू कधी उतरवायचा

31 जुलै 2024 च्या पुरुष सांघिक सेबर फायनलमध्ये कोरियाने सातव्या लढतीला गू बोन-गिलच्या जागी दो ग्योंग-दोंगला उतरवले. तेव्हा गुणफलक 30-29 होता. त्याने लढत 5-0 ने जिंकून तो 35-29 केला. कोरियाने हंगेरीला 45-41 ने हरवले. शेवटचा फरक चारच गुणांचा होता, त्या पाच गुणांशिवाय तो कुठून आला असता?

यामागचा नियम प्रत्येक कर्णधाराला पाठ हवा. ज्या खेळाडूला बदलायचे आहे, त्याच्या पुढच्या लढतीच्या आधीची लढत सुरू होण्यापूर्वी बदली रेफरीला सांगावी लागते. म्हणजे सातव्या लढतीसाठीचा बदल सहावी सुरू होण्याआधी जाहीर करायचा. सहाव्या लढतीचा निकाल बघून ठरवू, असे करता येत नाही. रेफरी लगेच दुसऱ्या कर्णधारालाही ते कळवतो. त्यामुळे दोन आकडे आधीच ठरवून ठेवा: कुठला खेळाडू पहिल्या दोन लढतींत मिळून किती गुणांनी मागे पडला तर त्याला बदलायचे, आणि समोरच्याच्या कुठल्या खेळाडूविरुद्ध आपला राखीव जास्त चालतो. डावखुरा राखीव या हिशेबात फार मोलाचा. समोरच्या संघातला एखादा खेळाडू डावखुऱ्यांविरुद्ध अडखळतो हे आधीच्या स्पर्धांत दिसले असेल, तर त्या लढतीसाठी त्याला राखून ठेवा.

राखीव खेळाडूला पहिल्या लढतीपासून गरम ठेवा. त्याची हत्यारे तपासलेली, वायर जॅकेटमधून ओवलेली, मास्क हातात. टोकियोत इपीचे सुवर्ण जिंकणाऱ्या जपानी संघाने चौथा खेळाडू सतोरू उयामा याला खेळवले होते. राखीवाला नुसता बसवून ठेवणाऱ्या संघांनी हे बघावे.

आठवी आणि नववी लढत

आठव्या लढतीचे काम एकच: अँकरला खेळता येईल असा गुणफलक देणे. तुम्ही चार गुणांनी पुढे असाल तर आठव्याने 40 गाठायची घाई करू नये. 38-34 वर वेळ संपली तरी अँकरला चारची आघाडी आणि 3 मिनिटे मिळतात, ते चांगलेच आहे. मागे असाल तर उलट, आठव्याने जोखीम घ्यायची, कारण नवव्यानंतर भरून काढायला लढतच उरत नाही आणि त्याच्यावर दडपण जास्त असते.

नवव्या लढतीत घड्याळ खेळाडूच्या बाजूने आहे की विरुद्ध, हे प्रत्येक टचनंतर बाकावरून सांगा. बरोबरीकडे जात असाल तर जादा मिनिटाची तयारी आधीच करा. प्राधान्य मिळाले तर समोरच्याला यावेच लागणार, तेव्हा अंतर सोडत त्याच्या पुढच्या हातावर थांबायचे. प्राधान्य नसेल तर पहिली वीस-पंचवीस सेकंदे नीट बघून एकच पक्का हल्ला तयार करायचा. शेवटच्या पाच सेकंदांसाठी काही शिल्लक ठेवले तर ते हातघाईत वाया जाते.

सामना संपल्यावर गुणपत्रकावरचे आकडे वाचूनच सही करा. हरलात तरी सामान बांधू नका. ऑलिंपिकमध्ये उपांत्यपूर्व फेरीत हरलेले संघ पाचव्या ते आठव्या क्रमांकासाठी खेळतात, आणि उपांत्य फेरीत हरलेल्यांचा कांस्यपदकासाठी सामना असतो. आशियाई क्रीडा स्पर्धेत उपांत्य फेरीत हरलेल्या दोन्ही संघांना कांस्य मिळते, तिथे तो सामना नसतो. पुढचा सामना असेल तर दोन सामन्यांच्या मधल्या वेळात आधी ओले जॅकेट बदला, पाणी आणि केळे घ्या, आणि मग टोकांवरून 750 ग्रॅमचे वजन पुन्हा एकदा फिरवा.